गिऱ्हाइकास दुकान सापडावे कसे? छोट्या व्यवसायाचे संकेतस्थळ आणि स्थानिक शोध : एक अभ्यास

(एस. वाय. बी. ए.)

‘माल चोख असला की गिऱ्हाईक वाट काढीत येते,’ असे आपली वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. हे म्हणणे खोटे नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. गिऱ्हाइकाला वाट सांगणारा कोणीतरी चौकात उभा असतो. कधी तो पानपट्टीवाला असतो, कधी एस. टी. स्टँडवरचा हमाल, कधी शेजारचा दुकानदार. आज वाट सांगण्याचे हे काम फार मोठ्या प्रमाणावर मोबाईलमधील शोधयंत्राकडे गेले आहे. परगावाहून आलेला प्रवासी असो, लग्नासाठी मंडपवाला शोधणारा वरपिता असो की पंपाची मोटार जळालेला शेतकरी असो, प्रत्येक जण प्रथम खिशातील यंत्राला विचारतो आणि मग पाऊल उचलतो. यंत्र ज्याचे नाव सांगत नाही तो कारागीर कितीही कसबी असला, तरी त्या गिऱ्हाइकापुरता तो गावात नसल्यासारखाच होतो.

छोट्या दुकानाचे संकेतस्थळ आपल्याच परिसरातील लोकांना शोधात कसे सापडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा विषय संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आहे, कला शाखेचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझे प्रतिपादन नेमके याच्या उलट आहे. हे काम यंत्राचे जितके आहे त्याहून अधिक ते भाषेचे आणि भूगोलाचे आहे. ते कसे, हे क्रमाने पाहू.

१. भूगोलाचा जुना धडा

दुकान कोठे चालते आणि गिऱ्हाईक किती लांबून येते, हा प्रश्न भूगोलाला नवा नाही. जर्मन भूगोलज्ञ वॉल्टर ख्रिस्टालर याने १९३३ साली दक्षिण जर्मनीतील गावांचा अभ्यास करून केंद्रस्थान सिद्धांत मांडला. त्यात दोन कल्पना महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, कोणताही धंदा टिकण्यासाठी किमान काही गिऱ्हाईक असावेच लागते. याला धंद्याचा उंबरठा म्हणू. दुसरी अशी की, एखाद्या वस्तूसाठी वा सेवेसाठी माणूस काही ठराविक अंतरापर्यंतच जातो. याला त्या सेवेचा पल्ला म्हणू. मीठ-मिरचीचा पल्ला गल्लीपुरता असतो, तर लग्नाच्या बस्त्याचा पल्ला दोन-तीन तालुक्यांचा असतो. त्याआधी १९३१ साली अमेरिकेतील विल्यम रायली याने व्यापाराच्या ओढीचा नियम सांगितला होता. दोन शहरांच्या मधल्या गावातील गिऱ्हाइकावर प्रत्येक शहराची ओढ त्याच्या लोकसंख्येच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, असा त्या नियमाचा आशय आहे.

आमच्या बार्शीकडे पाहिले म्हणजे हे सिद्धांत पुस्तकातून बाहेर येतात. बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे व जुन्या व्यापारपेठेचे गाव. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला आणि पेठेला आणखी बळ आले. वैराग, पांगरी ही गावे तालुक्यातीलच. परंडा आणि भूम हे तालुके मात्र जिल्ह्याने धाराशिवचे. तरीही तिकडच्या कित्येक गावांचा बाजार बार्शीलाच होतो. जिल्ह्याची सीमा कागदावर असते, बाजाराची सीमा माणसाच्या पायांनी आखलेली असते. शोधयंत्रालाही शेवटी हीच दुसरी सीमा समजून घ्यावयाची असते.

२. शोधयंत्र काय करते?

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापन केली. एखाद्या पानाकडे इतर किती आणि कशी पाने बोट दाखवितात यावरून त्या पानाचे वजन ठरवावे, ही त्यांची मूळ कल्पना होती. आज शोधयंत्राचे काम ढोबळमानाने तीन टप्प्यांत चालते. प्रथम त्याचे संगणक एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचीत फिरतात. नंतर वाचलेल्या मजकुराची एक प्रचंड सूची तयार होते. शेवटी कोणी काही विचारले की त्या सूचीतून योग्य वाटतील ती पाने क्रमाने मांडली जातात. ग्रंथपालाने ग्रंथालय लावावे तसाच हा प्रकार आहे. ज्या पुस्तकावर नाव नाही आणि ज्यात विषयाचा उल्लेख नाही, ते कपाटात असूनही वाचकाला मिळत नाही.

स्थानिक शोधात याला नकाशाची जोड मिळते. गूगलचा नकाशा २००५ साली आला. ‘मोटार वायंडिंग बार्शी’ असे विचारले की वरच्या भागात नकाशा व त्याखाली काही दुकानांची नावे येतात, आणि त्याच्या खाली संकेतस्थळांची यादी येते. नकाशाखाली पूर्वी सात नावे दिसत. २०१५ सालापासून ती साधारणतः तीनच दिसतात. म्हणजे चौथ्या दुकानाकडे जाण्यासाठी माणसाला मुद्दाम आणखी एकदा बोट लावावे लागते. घाईतला माणूस तेवढे कष्ट घेईलच असे नाही.

नकाशातील नावे ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ नावाच्या नोंदीवरून येतात. ही नोंद विनामूल्य असते. २०१४ साली तिचे नाव ‘गूगल माय बिझनेस’ असे होते, ते २०२१ साली बदलले. या नोंदीबरोबर एक लहानसे फुकट संकेतस्थळही मिळत असे. ते मार्च २०२४ मध्ये कंपनीने बंद केले. तेव्हा ज्यांची भिस्त केवळ त्यावर होती त्यांचे पान नाहीसे झाले. नोंद आवश्यक आहेच. पण स्वतःचे वेगळे संकेतस्थळ हे स्वतःच्या जागेतील दुकानासारखे असते, हा यातून घ्यावयाचा बोध.

३. तीन कसोट्या

स्थानिक शोधात क्रम कसा लागतो याविषयी गूगलने स्वतःच तीन कसोट्या सांगितल्या आहेत : समर्पकता, अंतर आणि ख्याती.

समर्पकता म्हणजे विचारलेले काम हे दुकान खरोखर करते काय, याचा मेळ. अंतर म्हणजे विचारणारा जेथे उभा आहे, किंवा त्याने ज्या गावाचे नाव घेतले आहे, तेथपासून दुकान किती दूर आहे. ख्याती म्हणजे त्या दुकानाविषयी जगात किती बोलले जाते. इतर संकेतस्थळांवरील उल्लेख, दुवे आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय यांवरून ती अजमावली जाते. जाणत्या वाचकाच्या लक्षात येईल की यांपैकी शेवटच्या दोन कसोट्या म्हणजे रायलीच्या नियमाचेच नवे रूप होय. लोकसंख्येच्या जागी ख्याती आली, एवढाच फरक.

आता या तिहींपैकी दुकानदाराच्या हाती काय आहे? अंतर त्याच्या हाती नाही. दुकान उचलून नेता येत नाही. ख्याती हळूहळू वाढते. समर्पकता मात्र बहुतांशी त्याच्या हातात आहे, कारण ती लिहिण्यावर अवलंबून आहे. आपण काय करतो, कोठे करतो, कोणासाठी करतो हे स्वच्छ शब्दांत लिहिलेले नसेल, तर यंत्राने ते कोठून जाणावे?

४. एका संकेतस्थळाचे उदाहरण

उदाहरण घरचेच घेते, कारण ते मला सर्वांत जवळून ठाऊक आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, बार्शीत मोटार वायंडिंगचे लहान वर्कशॉप चालवितात. ते सातवीपर्यंत शिकले आहेत आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. विहिरीवरच्या व बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जळकी तार काढायची, नवी तार भरायची, वॉर्निश लावायचे, बेअरिंग बदलायचे, हे काम ते पंचवीस वर्षे करीत आले आहेत. पूर्वी त्यांच्या हाताखाली दोन कारागीर होते. आता एकच आहे. अण्णा म्हणतात, ‘मोटारी जळायच्या काही थांबल्या न्हाईत, माणसंच दुसरीकडं जायला लागली.’ ख्रिस्टालरच्या भाषेत सांगावयाचे तर सेवेचा पल्ला आखडत चालला होता आणि धंदा उंबरठ्याच्या जवळ येऊन ठेपला होता.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या शहरातील एकाने पैसे घेऊन अण्णांना एक संकेतस्थळ करून दिले होते. त्याच्या पहिल्या पानावर काचेच्या उंच इमारतीचे चित्र होते. मजकूर सगळा इंग्रजीत होता आणि त्यात दर्जा, समाधान, विश्वास असे मोठे मोठे शब्द होते. मोटार हा शब्द एकदा आला होता. बार्शीचे नाव फक्त तळाशी, तेही चित्रात कोरलेले होते. शोधयंत्र प्रामुख्याने अक्षरे वाचते. चित्रात कोरलेल्या नावावर विसंबणे म्हणजे पाटी भिंतीकडे तोंड करून टांगण्यासारखे आहे. हे संकेतस्थळ पुण्यातील एखाद्या कचेरीचे आहे असे म्हटले असते तरी खपून गेले असते. मग ते परंड्याच्या शेतकऱ्याला सापडावे कसे?

यात नुकसान केवळ अण्णांचे नव्हते. उन्हाळ्यात उसाचे किंवा द्राक्षबागेचे पाणी चार दिवस थांबले तर शेतकऱ्याचे काय होते हे सांगावयास नको. जवळ बार्शीत काम होण्याजोगे असताना यंत्राने सोलापूरचे नाव दाखविले म्हणून जो शेतकरी मोटार टेंपोत घालून तिकडे जातो, त्याचे भाडे, दिवस आणि पाण्याची पाळी, तिन्ही जातात.

संकेतस्थळ नव्याने लिहावयाचे ठरविले तेव्हा मी अण्णांना विचारले, ‘अण्णा, गिऱ्हाईक दुकानात आल्याबरोबर पहिलं काय विचारतं?’ ते म्हणाले, ‘मोटार जळाली, कवा देताय, एवढंच इचारतंय. मग तार कंची घालणार, पैसं किती, आन् परत जळाली तर काय.’ या चार प्रश्नांवरच नवे संकेतस्थळ उभे राहिले. मोटार किती दिवसांत मिळेल. तार तांब्याची की ॲल्युमिनियमची. खर्च कशावर अवलंबून असतो. आणि पुन्हा बिघाड झाल्यास काय करावे. शिवाय मोटार एकसारखी का जळते, फेज गेल्यावर काय होते, स्टार्टर कसा तपासावा, अशा गोष्टी अण्णा गिऱ्हाइकाला रोज तोंडी सांगतात, त्या मी लिहून घेतल्या. विहिरीवरची मोनोब्लॉक मोटार आणि बोअरमधील पाणबुडी मोटार यांची कामे निराळी, म्हणून त्यांना निराळी पाने दिली. प्रत्येक पानाच्या शीर्षकात काम आणि गाव ही दोन्ही आली. काचेची इमारत गेली. तिच्या जागी वर्कशॉपचा दर्शनी भाग, उघडलेली मोटार आणि तारेच्या कॉइल यांची खरी छायाचित्रे आली.

५. गिऱ्हाइकाचे शब्द आणि आपली लिपी

येथे भाषेच्या विद्यार्थ्याचे काम सुरू होते. एकाच कामाला लोक किती नावांनी ओळखतात! वर्कशॉपच्या पाटीवर ‘मोटार रिवाइंडिंग’ असते. शेतकरी ‘मोटार भरायची आहे’ म्हणतो किंवा नुसते ‘मोटार जळाली’ म्हणतो. कोणी मोटार म्हणतो, कोणी मोटर. सबमर्सिबल पंपाला कोणी पाणबुडी म्हणतो, कोणी बोअरची मोटार. शब्दकोशातील जड प्रतिशब्द योजला तर तो शुद्ध असेल, पण तो कोणी शोधणार नाही. म्हणून ही सगळी बोलीतली नावे मजकुरात सहजपणे यावीत. मात्र एकच शब्द पन्नास वेळा घुसडणे हा उपाय नव्हे. वाचणाऱ्याला ते त्रासदायक होते आणि शोधयंत्रही त्याला लबाडी समजते. गिऱ्हाइकाशी बोलताना जितक्या वेळा तो शब्द येईल तितक्या वेळा तो लिहावा, हे साधे प्रमाण.

तोंडाने बोलून शोध घेणारेही पुष्कळ आहेत. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीतून बोलून शोधण्याची सोय केली. ज्या माणसाला टंकलेखन जमत नाही तो यंत्राशी आपल्या बोलीत बोलतो. अशा माणसापर्यंत पोहोचावयाचे तर मराठी पान हवेच. त्याचबरोबर रोमन लिपीत टंकणारेही आहेत; त्यांच्यासाठी इंग्रजी पान ठेवण्यास हरकत नाही. दोन्ही भाषांचा मजकूर एकाच पानात कालवण्यापेक्षा दोन स्वतंत्र पाने करणे बरे.

महाराष्ट्रात २०२२ सालच्या कायदादुरुस्तीनंतर लहानमोठ्या सर्वच दुकानांची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक झाले आहे. रस्त्यावरची पाटी मराठी आणि संकेतस्थळ सगळे इंग्रजी, असा विरोध मात्र अजून पाहावयास मिळतो. पाटी कायद्याने बदलली. संकेतस्थळावरील पाटी गिऱ्हाइकाच्या गरजेने बदलावयास हवी.

एक तांत्रिक अडचण मराठीपुरती विशेष आहे. छापखान्यात व फ्लेक्सच्या दुकानात श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फाँट वापरून मजकूर टंकलेला असतो. तोच मजकूर उचलून संकेतस्थळावर टाकला तर डोळ्यांना कदाचित मराठी दिसेल, पण यंत्राला ती निरर्थक चिन्हे वाटतात. मजकूर युनिकोडमध्येच टंकलेला असावा. ही एक गोष्ट न पाळल्यामुळे चांगला मराठी मजकूर असूनही पान न सापडण्याची पाळी येते.

६. नाव, पत्ता, नंबर

नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर ही तीन माणसाच्या ओळखपत्रासारखी आहेत. एका ठिकाणी ‘बस स्टँडजवळ’, दुसऱ्या ठिकाणी ‘सोलापूर रोड’, तिसऱ्या ठिकाणी बंद पडलेला जुना नंबर, असे असले की हे एकच दुकान आहे की तीन, असा संशय यंत्राला येतो आणि माणसालाही येतो. म्हणून संकेतस्थळ, गूगलची नोंद, जस्टडायलसारख्या सूची, फेसबुकचे पान आणि बिलबुक, सर्वत्र तीच अक्षरे असावीत. पत्ता चित्रात न कोरता अक्षरांत लिहावा. खेड्यात घरक्रमांकाचा उपयोग थोडा. तेथे ओळखीची खूण लिहावी आणि नकाशावरील टाचणी प्रत्यक्ष दारावर आहे ना, हे पाहून घ्यावे. टाचणी एक गल्ली चुकली तर नवखा माणूस गावभर फिरतो.

गूगलच्या नोंदीत व्यवसायाचा एक मुख्य प्रकार आणि जास्तीत जास्त नऊ जादा प्रकार निवडता येतात. मुख्य प्रकार काळजीपूर्वक निवडावा. ‘दुरुस्ती’ या मोघम प्रकारापेक्षा नेमका प्रकार मिळाल्यास तो घ्यावा. उघडण्या-मिटण्याची वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि सणाची सुट्टी खरी लिहावी. दिवाळीत दुकान बंद आणि नोंदीत ‘चालू’, अशा वेळी लांबून आलेला माणूस पुन्हा येत नाही. शेतावर जाऊन काम करणाऱ्या कारागिराला सेवेची गावे किंवा तालुके नोंदवता येतात. त्यांची मर्यादा २० आहे. बार्शीच्या कारागिराने येथे परंडा व भूम अवश्य नोंदवावे, पण खरोखर जात असेल तरच.

याशिवाय संकेतस्थळाच्या आत यंत्रासाठी वेगळी रचनाबद्ध माहिती ठेवता येते. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी २०११ साली एकत्र येऊन ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ नावाची सामाईक परिभाषा सुरू केली. तिच्यानुसार हे नाव, हा पत्ता, ही वेळ असे यंत्राला निःसंदिग्धपणे सांगता येते. हे काम संगणक जाणणाऱ्या मित्राकडून करून घ्यावे. एकदा केले की वारंवार करावे लागत नाही.

संकेतस्थळ मोबाईलवर नीट दिसणे आणि लवकर उघडणे हेही आवश्यक आहे, कारण गूगल पानाचे मोबाईलवरील रूपच प्रमाण धरते. मळ्यात नेटवर्क मंद असते. जड छायाचित्रांमुळे पान उघडेपर्यंत शेतकरी मागे फिरतो. छायाचित्रे लहान करावीत आणि नंबर असा ठेवावा की बोट लावताच फोन लागेल.

७. ख्याती : अभिप्राय आणि उल्लेख

गिऱ्हाइकांचे अभिप्राय ही आजची कर्णोपकर्णी कीर्ती होय. काम झाल्यावर गिऱ्हाइकास नम्रपणे म्हणावे, ‘दादा, काम पटलं असेल तर दोन शब्द लिहा.’ अभिप्राय मात्र खऱ्या अनुभवाचाच असावा. अभिप्रायाबद्दल पैसे वा सवलत देणे गूगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांविषयी आय. एस. १९००० हे मानक प्रसिद्ध केले आहे. खोटी स्तुती विकत घेणाऱ्याला आज ना उद्या ती महाग पडते. वाईट अभिप्राय आल्यास भांडू नये. शांतपणे उत्तर द्यावे आणि शक्य तर चूक दुरुस्त करावी. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचे गिऱ्हाईक अधिक लक्षपूर्वक वाचते.

इतर संकेतस्थळांवरील उल्लेखही मोलाचे असतात. पंप बनविणाऱ्या कंपनीची विक्रेत्यांची यादी, स्थानिक वर्तमानपत्राचे संकेतस्थळ, व्यापारी संघटनेचे पान, शाळा-कॉलेजच्या कार्यक्रमाचे वृत्त, येथे दुकानाचा खरा व सकारण उल्लेख झाला तर यंत्राच्या लेखी त्याचे वजन वाढते. गावातील दहा दुकानांनी एकमेकांचे दुवे उगाच देणे मात्र निष्फळ ठरते.

८. टाळावयाचे मार्ग

या क्षेत्रात फसवणूक पुष्कळ चालते. ‘महिन्याला इतके पैसे द्या, तुमचे दुकान पहिल्या नंबरवर आणतो,’ असे फोन आमच्या वर्कशॉपवरही आले. येथे एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. स्थानिक क्रम पैसे देऊन वर आणता येत नाही आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने स्वतः जाहीर केले आहे. पैसे देऊन जाहिरात करता येते. पण ती जाहिरात म्हणून वेगळी दाखविली जाते आणि पैसे संपले की नाहीशी होते.

दुसरी लबाडी नावाची. पाटीवर जे नाव आहे तेच नोंदीत हवे; त्यापुढे ‘बार्शीतील सर्वोत्तम व स्वस्त’ असे शेपूट जोडणे नियमबाह्य आहे. तिसरी लबाडी पत्त्याची. जेथे दुकान नाही तेथे खोटी नोंद केल्यास नोंदच रद्द होण्याचा धोका असतो. चौथी लबाडी पानांची. एकच मजकूर घेऊन केवळ गावाचे नाव बदलीत शंभर गावांची शंभर पाने करणे गूगल गैर मानते. वैरागसाठी वेगळे पान करावयाचे असेल तर वैरागविषयी सांगण्याजोगे काही वेगळे असले पाहिजे.

९. फळ कसे मोजावे?

अभ्यास म्हटला की मोजमाप आले. गूगलचे ‘सर्च कन्सोल’ हे साधन फुकट आहे. कोणत्या शब्दांनी शोधल्यावर आपले पान दिसले, आणि किती जणांनी ते उघडले, हे त्यात कळते. बोलीभाषेच्या अभ्यासकाला तर ती एक आयती शब्दसूचीच आहे. लोक प्रत्यक्षात काय शब्द वापरतात हे पाहून मजकूर सुधारता येतो. पण त्याहून विश्वसनीय साधन म्हणजे दुकानातील वही. आम्ही वहीत दोन रकाने वाढविले : गिऱ्हाईक कोणत्या गावचे आणि दुकान कसे कळले. पूर्वी दुसऱ्या रकान्यात पाहुणा, शेजारी, जुने गिऱ्हाईक अशीच उत्तरे आली असती. आता मधूनमधून ‘मोबाईलवर पाहिले’ असे उत्तर येते, आणि पहिल्या रकान्यात भूम तालुक्यातील गावेही येऊ लागली आहेत.

फळ एका दिवसात दिसत नाही. नवे पान यंत्राच्या सूचीत येण्यास आणि त्याचा क्रम स्थिरावण्यास आठवडे, कधी महिनेही लागतात. पेरले की लगेच उगवले, असे येथे होत नाही.

१०. मर्यादा

या व्यवस्थेत दोष नाहीत असे मुळीच नाही. गावाच्या चौकात वाट सांगणारे दहा जण होते. येथे बहुतांशी एकाच परदेशी कंपनीचे यंत्र वाट सांगते, आणि ते आपले नियम केव्हाही बदलू शकते. ज्याच्या घरात शिकलेले मूल आहे त्या कारागिराची नोंद होते. ज्याच्या घरात नाही तो मागे पडतो, मग त्याचा हात कितीही बसलेला असो. मोठ्या शहरातील दुकानाकडे अभिप्रायांचा ढीग असतो, लहान गावाकडे तो नसतो. त्यामुळे जो आधीच पुढे आहे तोच आणखी पुढे जातो. शिवाय २०२४ सालापासून गूगल काही प्रश्नांना कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर स्वतःच देऊ लागले आहे. त्यामुळे माणूस संकेतस्थळापर्यंत येईलच याची खात्री राहिली नाही. तरीही ते उत्तर रचण्यासाठी यंत्राला कोणाचा तरी मजकूर वाचावाच लागतो. जेथे स्पष्ट व खरा मजकूर आहे तेथे निदान आपले नाव घेतले जाण्याची शक्यता उरते.

समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा सांगता येईल : आपण काय करतो ते गिऱ्हाइकाच्या शब्दांत लिहावे, कोठे करतो ते सर्वत्र एकसारखे लिहावे, जे खरे आहे तेवढेच लिहावे, आणि लोकांना आपल्या कामाविषयी बोलू द्यावे. यात संगणकाच्या ज्ञानाचा भाग थोडा आहे. ऐकण्याचा, शब्द निवडण्याचा आणि परिसर ओळखण्याचा भाग मोठा आहे, आणि या तिन्ही गोष्टी आपण आपल्या वर्गात शिकत असतो.

आपल्या कॉलेजात माझ्यासारखे कित्येक विद्यार्थी आहेत, ज्यांच्या घरी सुतारकाम, शिलाई, मंडप, पिठाची गिरणी किंवा रसवंती चालते. आईवडिलांनी त्या धंद्यावर आपल्याला शिकविले. त्यांना आपले काम उत्तम येते. ते लिहून मांडणे मात्र त्यांना जमत नाही. ते आपल्याला जमते. भूगोल आणि मराठी या दोन विभागांनी मिळून एक उपक्रम हाती घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील एका छोट्या व्यावसायिकाकडे जाऊन त्याच्या कामाची माहिती त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, नकाशावरील त्याची जागा तपासावी आणि त्याच्या संमतीने ती नोंदवावी. एका वर्षात आपल्या गावातील कारागिरांची एक विश्वसनीय सूची तयार होईल, आणि ज्यांच्या घरात शिकलेले मूल नाही त्यांचीही नोंद होईल. एवढे आपल्या हातून झाले, तर आपल्या पदवीचा पहिला उपयोग आपल्या गावाला झाला, असे म्हणता येईल.